एकूणसाठ घरांचं आवतन

धावडखेड, ता. जाफराबाद
२० नोव्हेंबर २०२४

अर्पे,

तुझी आजी केशरबाई बोलून राह्यली आन् कचरू लिहून राह्यला. यानं चाळीस वर्सं गावाच्या दाढ्या केल्या, आता दुकान बंद करून माझी पत्रं करतो. हात हलका हाय, कागदाला अजून कापलं न्हाई कुठं.

फोन करू नको म्हणून तुला तीनदा सांगितलं. तू बोलती तर माझ्या कानात नुस्ता गिरणीचा पट्टा फिरतो. मी हो हो म्हणते आन् तू समजती आजीला कळलं. मागच्या बारीला तू काय इचारलं देव जाणे. मला वाटलं, जेवली का म्हणती. हो म्हणले. चार दिवसानं खोक्यातून पाय दाबायचं मशीन आलं. त्यात मांजर निजती.

कागद बरा. कचरू माझ्या उजव्या कानाला तोंड लावून वाचतो. त्याचा आवाज पार वेशीपर्यंत जातो, पण ऐकायला कोण हाय? गल्लीत चवदा दारं, त्यातली चार उघडी. चौथं माझं. तुझा बाप वापीहून दिवाळीला आल्ता, दोन दिवस राह्यला, मोबाइलकडं बघत जेवला आन् गेला. तो गेल्यावर घर लई मोठं झालं.

हे लिहू नको रे कचरू, पोरगी रडंल. लिहिलंस? खोड मंग. न्हाई म्हणतो. म्हणतो, वहिनी, जे बोलाल ते लिहिणार, माझ्या डोक्यावर माझा भरोसा न्हाई. हा असाच. चहा पिला तरी वहीत लिहितो, चहा पिला.

काम असं की भावकीतल्या अंगदच्या बायकोनं इचारलं, तुमची अर्पी पुण्यात काय करती? मी म्हणले, कंपुटर. ती म्हणली, कंपुटरवर काय? मी खोकले. किती दिवस खोकू? बराबर समजावून लिही.

तुझी आजी


पुणे
१ डिसेंबर २०२४

आज्जे,

कचरूबाबांना नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा खालचा वॉचमन ते उलटसुलट करून बघत होता. म्हणाला, मॅडम, कोर्टाचं आहे का?

आता काम ऐक. एका मोठ्या कंप्युटरच्या पोटात आम्ही पुष्कळ लहान कंप्युटर मांडतो. लोखंड एकच, पण आत प्रत्येकाचा संसार वेगळा. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कुठली शाळेची असते, कुठली बियाण्याच्या कंपनीची. उद्या तिला काही झालं तर हाताशी असावी म्हणून तिची रोज एक नक्कल काढून बाजूला ठेवायची. त्याला बॅकअप म्हणायचं. बॅकअपच्या यंत्रणेकडे सगळ्या मशीनची यादी असते. ती रोज प्रत्येकीच्या दाराशी जाऊन हाक मारते आणि नक्कल घेऊन येते.

लोक गरज संपली की मशीन काढून टाकतात, पण बॅकअपच्या यादीतून तिचं नाव काढायचं राहतं. यंत्रणा बिचारी रोज जाते, हाक मारते, आतून कुणी ओ देत नाही, मग ती लाल ओळ लिहिते. सकाळी मी कामावर आले की माझ्यापुढे एकशे त्रेचाळीस लाल ओळी असतात. त्यात एखादी मशीन खरंच आजारी असली तरी कळत नाही. म्हणून साहेबांनी मला स्क्रिप्ट लिहायला सांगितली. स्क्रिप्ट म्हणजे हुकमाचा कागद. ही यादी बघ, ती यादी बघ, बॅकअपमध्ये नाव आहे पण मशीन जागेवर नाही, तर तिचं नाव आणि तिच्या जुन्या नकला काढून टाक. आपण एकदा लिहायचं, पुढचं कंप्युटर आपला आपण करतो.

हर्ष शिकवतो मला. जालन्याच्या कापड दुकानवाल्या भंवरलालजींचा मुलगा, त्यानंच मला इथं चिकटवलं. तो म्हणतो, आठ दिवस कागदाला नुसतं ‘दाखव’ म्हणायचं, ‘काढ’ म्हणायचं नाही. काढलेलं परत येत नाही.

खोलीवर आम्ही दोघी आहोत. तृप्तीची कामाची पाळी उलटी आहे, महिन्यात तिला दोनदा पाहिलं. तिचा ओला टॉवेल मात्र रोज भेटतो.

तुझी
अर्पिता


धावडखेड
१० डिसेंबर २०२४

अर्पे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या बारीला कोणालाच कळलं न्हाई, दुसऱ्या बारीला कचरूला कळलं, तिसऱ्या बारीला मला. म्हणजे माझी अक्कल कचरूच्या एकच पायरी खाली हाय. लिही रे, हसतो काय.

इथली गोष्ट ऐक. बुधवारी अंगदच्या पोरीचं लगन झालं. आपल्या भावकीत चूलबंद आवतन असतं, तुला ठावं हाय. त्या दिवशी कोणाच्या घरात चूल पेटत न्हाई, लहानथोर समदे मांडवात जेवतेत. अंगदनं आवतन मोबाइलवर टाकलं. मी म्हणले, दारोदार जा. तो म्हणला, काकू, दहा दारांना कुलपं, कुलपाला काय सांगू? मंग मीच काठी घेऊन निघाले. एकेका कुलपापुढं उभी राहून बोलले, बुधवारी चूलबंद आवतन हाय, समदे या. कानानं ऐकू येत न्हाई त्याचा एक फायदा हाय. ओ आली न्हाई तरी आली असंल असं धरून चालता येतं.

म्हणजे तुझी ती यंत्रणा आन् मी सारख्याच. आन् तुला आमची नावं काढायचा पगार भेटतो. लई शिकली.

पण एक ध्यानात ठेव. कुलूप दिसलं म्हंजे घर गेलं असं न्हाई. शेजारी इचारावं, माणसं हायेत कुठं. इचारल्याबिगर काढू नये. कचरू म्हणतो, वहिनी, तुमचा आवाज काहून बदलला? थंडी हाय म्हणून. लिही पुढं.

पुढं काही न्हाई. संपलं.

तुझी आजी


पुणे
२६ डिसेंबर २०२४

आज्जे,

एकशे त्रेचाळीसच्या दोन ओळी राहिल्या! साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. पेढे मी वाटले, पण मी स्वतः खाल्ला तो तुझ्या वाट्याचा.

झालं असं. कागद नुकताच लिहून झाला होता. मंगळवारी दुपारी हर्ष बहिणीच्या, म्हणजे रुचीच्या, साखरपुड्याला जालन्याला निघाला होता. नावं काढायचा अधिकार मला नाही, त्याला आहे. त्यानं स्वतःच्या नावानं यंत्रणा उघडली, नऊ नावं हातानं काढून दाखवली आणि म्हणाला, बाकीची मी आल्यावर, तोवर तुझा कागद नुसता ‘दाखव’ म्हणून चालव. गाडीची वेळ झाली म्हणून तो तसाच उठला. यंत्रणा उघडीच होती. मी यादी एकदा नजरेखालून घातली, चांगली दिसली. मग ‘काढ’ म्हटलं. एकशे बत्तीस नावं अकरा मिनिटांत गेली.

आल्यावर तो रागावला थोडा, पण सकाळचा स्वच्छ कागद बघून हसला. एप्रिलमध्ये मला पक्कं करतील असं वाटतंय. संक्रांतीला येते.

तुझी
अर्पिता


धावडखेड
५ जानेवारी २०२५

अर्पे,

आठ दिवसाचं काम अकरा मिनिटात. तुझी भाकरी पण अशीच असायची, वरून करपलेली आन् आतून कच्ची. पण साहेबाला आवडली म्हणती तर आपण कोण बोलणार.

तूर झाली. हरभऱ्याला घाटे धरलेत. संक्रांतीला येती म्हणून कचरूला सांगून जाफराबादहून गूळ आणला हाय. तीळ भाजायला तू पाहिजे, मला करपल्याचा वास येत न्हाई आता. कान गेले, नाक गेलं, तोंड तेवढं राह्यलं. कचरू म्हणतो, तेच जायला पाहिजे होतं. लिहिलंस? लिही, लिही, तुझंच नाव खराब होतं.

तुझी आजी


पुणे
२९ जानेवारी २०२५

आज्जे,

संक्रांतीला येता आलं नाही. काम होतं. इथं सगळं ठीक आहे. थंडी आहे. मी ठीक आहे.

एका बियाण्याच्या कंपनीची मशीन बंद पडली आणि तिची नक्कल सापडली नाही. चार वर्षांच्या चाचणी-प्लॉटच्या नोंदी होत्या, कुठल्या वाणाला किती बोंडं, कुठल्यावर किती कीड. हर्षच्या हातून ते नाव गेलं असं म्हणतात. त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय.

तू तब्येत सांभाळ. माझी काळजी करू नको, सगळं ठीक आहे.

तुझी
अर्पिता


धावडखेड
५ फेब्रुवारी २०२५

अर्पे,

एवढ्याशा कागदात तीनदा ठीक हाय. मी कचरूला मोजायला लावलं. एकदा लिहिलं असतं तर मी ऐकलं असतं. तीनदा लिहिलं म्हणून बसून राह्यले.

आन् हर्षचं लिहिलं ते असं लिहिलं, जसं पेपरातून वाचून दाखवती. ज्या पोरानं तुला कामाला लावलं, त्याला घरी बसवलं, आन् तुला त्याच्यासाठी रडू न्हाई, राग न्हाई. लहानपणी दुधाचं पातेलं लवंडलं की तू अशीच मांजराचं नाव न घेता नुस्ती मांजराकडं बघायची.

मी सरळ इचारते. ते नाव कोणी काढलं?

गूळ तसाच हाय. मुंग्या लागल्या म्हणून पाण्यात ठेवला.

तुझी आजी


पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

आज्जे,

कचरूबाबा, हे पत्र मोठ्यानं वाचू नका. हळू वाचलं तर तिला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. तरी सांगते.

मी काढलं.

ती मशीन मेलेली नव्हतीच. तिला एका लोखंडातून दुसऱ्या लोखंडात हलवलं होतं. नाव तेच, पण हलवलं की आतला नंबर नवा मिळतो. माझा कागद नंबर बघत होता. जुन्या नंबरावर कुणी नाही, म्हणजे मशीन गेली असं त्यानं धरलं आणि तिच्या सगळ्या जुन्या नकला पुसल्या. नव्या नंबरानं नक्कल काढायला अजून कुणी सुरुवात केली नव्हती. महिन्यानं ती मशीन खरंच बिघडली. आठ दिवस नुसतं ‘दाखव’ म्हटलं असतं तर हर्षनं यादीत तिचं नाव ओळखलं असतं. त्यानंच हलवली होती ती.

पुढचं जास्त वाईट आहे. यंत्रणेत सगळं हर्षच्या नावावर दिसतं, कारण ती त्याच्याच नावानं उघडी होती. कागदानं काय काढलं, त्यानं हातानं काय काढलं आणि किती वाजता, हे फक्त माझ्या स्क्रिप्टच्या नोंदीत कळतं. साहेबांनी नोंद मागितली. देण्याआधी मी ती एक ओळ पुसली. एकशे बत्तीसच्या एकशे एकतीस केल्या.

मला वाटलं होतं हर्ष भांडेल. तो भांडला असता तर मी बोलले असते, खरंच. तो नोंद बघून म्हणाला, मग माझ्याच हातून गेलं असेल, घाईत होतो, नऊऐवजी दहा झाले असतील. मला आठवत नाही, पण झालं असेल. आणि डबा घेऊन निघून गेला.

आता बोलले तर माझी नोकरी जाईल. ती गेली तर मी कुठं जाऊ, तुझ्याकडं येऊन दहा कुलपं मोजू? तो श्रीमंताघरचा आहे, त्याचं दुकान आहे. असं मी रोज स्वतःला सांगते. तू रागाव, पण लिही.

अर्पिता


धावडखेड
२२ फेब्रुवारी २०२५

अर्पे,

तुझं पत्र कचरूनं वाचलं. मोठ्यानं वाचू नका हे पण मोठ्यानंच वाचलं. मंग दोन दिवस मी त्याला बोलावलं न्हाई. आज बोलावलं.

कचरू, आज मधी थांबायचं न्हाई. जे बोलंन ते लिहायचं. तूच म्हणतो ना.

तुझ्या बापाचं, कल्याणचं, लगन शहाण्णव साली झालं. तवा भावकीच्या आवतनाचं असं होतं, की घरं मी तोंडानं सांगायची आन् कचरू दारोदार फिरायचा. त्याचा मान होता तो. मला लिहिता येत न्हाई, पण साठच्या साठ घरं एका दमात सांगायचे, त्याचा मला लई तोरा.

त्या बारीला बद्रीनाथच्या दाराला तीन दिवस कुलूप दिसलं. मी म्हणले, गेला जालन्याला सळईच्या कारखान्यात, लोकं जाऊन राह्यलीच व्हती. शेजारी इचारलं न्हाई. त्याचं घर मी सांगितलंच न्हाई. आन् तो कुठंच गेला न्हवता. हिरीला पाणी लागलं म्हणून शेतातल्या वस्तीवर राह्यला गेल्ता, अर्ध्या कोसावर.

लगनाच्या दिवशी तो आला आन् मांडवाचा खांब धरून उभा राह्यला. म्हणला, भावकीतून आम्हाला काढलं काय? माझे सासरे गरजले, कोणी गाळलं घर? समदे माझ्याकडं बघून राह्यले. मी म्हणले, मी तर साठ सांगितले.

एवढंच म्हणले. कचरूचं नाव बी घेतलं न्हाई. घ्यायची गरजच पडली न्हाई.

पुढच्या लगनापासून आवतन दुसऱ्याकडं गेलं. बद्रीनाथ दाढीला जाफराबादला जायला लागला. मी वाट बघत होते की कचरू बोलंल. म्हणंल, वहिनी, तुम्ही एकूणसाठच सांगितले. मंग मी कबूल करीन. तो बोललाच न्हाई. तो बोलला न्हाई म्हणून मी बी न्हाई. तू लिहिलं ना, भांडला असता तर बोलले असते. तेच माझं.

मंग दोन वर्सांनी मी दुकानावरून जात होते. हा वहीत लिहून राह्यला होता, अमक्याची दाढी केली, तमक्याचे केस कापले. मी म्हणले, हे काय रे? म्हणला, वहिनी, माझं डोकं बद्रीभाऊच्या बारीला दगा देऊन गेलं, तवापासून लिहून ठेवतो. मी हसले आन् घरी आले.

त्याचं काम गेलं, ते एक झालं. पण मी त्याचं डोकं त्याच्याकडून काढून घेतलं, अर्पे. एकोणतीस वर्सं तो स्वतःला इसरभोळा समजून राह्यला, आन् मी त्याच्याकडूनच पत्रं लिहून घेते आन् वहीवरून त्याला चिडवते. तो तुझा हर्ष पण आता म्हणतो ना, मला आठवत न्हाई पण झालं असंल. जल्दी जा. त्याचं दुकान असू दे न्हाईतर राजवाडा असू दे.

मला लिहिता आलं असतं तर हे मी तुला गुपचूप लिहिलं असतं. बरं झालं येत न्हाई.

कचरू, लिहून राह्यला का? कागदाकडं बघून मला कळत न्हाई. काहीतरी बोल. मोठ्यानं

*

इथपर्यंत लिहिले. पुढे वहिनी बोलत होत्या, ते मी लिहिले नाही. पत्र आजच टपालात टाकतो, कारण अर्पिताला ते वेळेत मिळाले पाहिजे.

कचरू


पुणे
१२ मार्च २०२५

आज्जे,

सांगितलं.

आधी हर्षला. जालन्याला गेले, दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं घर आहे. त्याच्या आईनं, प्रेमबाईंनी, मला नाश्ता दिला, लेकाची मैत्रीण म्हणून. मी पोहे खाल्ले आणि मग सांगितलं. क्रम चुकला, माहीत आहे.

त्याच्या टेबलावर कागद होते. प्रत्येकावर तीच नऊ नावं, वेगवेगळ्या क्रमानं लिहिलेली. महिनाभर तो रोज बसून ती नऊ लिहीत होता आणि दहावं आठवतं का बघत होता. मी सांगितल्यावर त्यानं विचारलं, ते नाव किती वाजता गेलं? मी म्हटलं, दोन वाजून सव्वीस मिनिटांनी. तो म्हणाला, दोन वाजता मी बदनापूरच्या आत्याशी फोनवर बोलत स्टेशनच्या रिक्षात होतो. हे त्यानं दोनदा म्हटलं. मला नाही, भिंतीला म्हटलं. मग म्हणाला, तू जा आता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. पुसलेली ओळ परत काढून दिली. हर्षला सोमवारी बोलावून घेतलं. माझा शेवटचा दिवस पंधरा एप्रिल. तोवर मला एक काम दिलंय. त्या बियाण्याच्या कंपनीची शेतावरची जुनी रजिस्टरं आली आहेत, चिखलाचे डाग पडलेली. त्यावरून नोंदी पुन्हा भरायच्या. दोन वर्षांची रजिस्टरं आहेत. उरलेली दोन वर्षं कशातच नाहीत.

हर्ष समोरच्या टेबलावर बसतो. कामाचं विचारलं तर उत्तर देतो. जेवायला सगळे खाली जातात, मी नोंदी भरते.

तुझं उत्तर आलं नाही. कचरूबाबा येतात का? हे तुला कोण वाचून दाखवेल, मला माहीत नाही. तरी लिहिलं.

अर्पिता


धावडखेड
२ एप्रिल २०२५

अर्पे,

तुझं पत्र दिवळीत पडून राह्यलं. टपालवाली प्रिया म्हणली, आजी, मी वाचू का? मी न्हाई म्हणले. माझं समदं कचरूच्या तोंडून ऐकलं, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं न्हवतं. तिला वाटलं म्हातारी भ्रमली. गल्लीत चार दारं उघडी म्हणून तुला लिहिलं होतं. त्यातलं एक कचरूचं. ते उघडंच होतं रोज, मी ओट्यावरून बघायचे. वीस पावलं. माझ्यानं झाली न्हाईत.

परवा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. बसला न्हाई. उभ्यानंच कानाला तोंड लावून इचारलं, त्या दिवशी किती सांगितले? मी म्हणले, एकूणसाठ. परत इचारलं. एकूणसाठ. तिसऱ्यांदा इचारलं तवा त्याची थुंकी माझ्या गालावर उडाली. एकूणसाठ रे बाबा. मंग म्हणला, मी एकूणसाठच फिरलो होतो. घरी येऊन बायकोला म्हणलो होतो, पाय गेले, एकूणसाठ घरं झाली. ती मरेपर्यंत सांगत होती की तुम्ही तसंच म्हणले होते. मी तिला खोटं पाडलं.

हे तो आता लिहून राह्यला. हात बराबर चालतो त्याचा.

मंग त्यानं तुझं पत्र वाचून दाखवलं. नोकरी गेली ते बरं झालं असं मी म्हणणार न्हाई, मला बी तुझा पगार सांगत मिरवायला आवडायचं. आता अंगदच्या बायकोपुढं परत खोकावं लागंल. हर्ष बोलत न्हाई तर न बोलू दे. तुला त्याचं बोलणं मागायचा हक्क न्हाई. नोंदी नीट भर. आन् पोहे खाऊन मंग सांगितलं याचं वाईट वाटून घेऊ नको. उपाशी पोटी सांगितलं असतं तर प्रेमबाईला वाटलं असतं पोरगी भुकेनं बरळती.

वाचून झाल्यावर कचरू म्हणला, चला. मी म्हणले, कुठं? बद्रीभाऊकडं म्हणला. अर्धा कोस मी काठीनं गेले, तो दहा पावलं पुढं. मागं वळून बघायचा, मी हाय का न्हाई ते. पण थांबायचा न्हाई.

बद्रीनाथ बाजेवर पडून हाय दोन सालापासून. मी बाजेजवळ उभी राहून समदं सांगितलं. माझा आवाज मला मोठा वाटला, केवढा होता देव जाणे. तो काहीतरी म्हणला. तोंड हललं. मी कचरूकडं बघितलं, की आता तो कानाशी येऊन सांगंल. तो आला न्हाई. बद्रीनाथच्या बायकोनं, सगुणाबाईनं, मला हाताला धरून बाहेर लिंबाखाली बसवलं. तांब्या दिला आन् आत गेली.

दारातून दिसत होतं. कचरूनं पिशवी उघडली. मला वाटलं वही काढतो. वस्तरा काढला. बद्रीनाथच्या मानेखाली उशी सरकवली, फेस केला आन् गालाला हात लावला. एकोणतीस वर्सांची दाढी असल्यावानी हळूहळू केली. दोघांची तोंडं हलून राह्यलती. एकदा कचरू थांबला, वस्तरा वर धरला, आन् दोघं हसले. सगुणाबाई बी हसली.

काय बोलले ते मी येताना इचारलं. आता बी इचारून राह्यले. लिही म्हणते, मला न्हाई तर पोरीला तरी कळू दे. तो पेन वर धरून बसला हाय, मी दुसरं काही बोलंन म्हणून वाट बघत.

तुझी आजी
केशरबाई